चिठ्ठ्यांची शाई

चिंच कोळताना बोटांना चिंचोके लागले की मला पाली गावची ती मावशी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी शेतकी कॉलेजात होतो. बीडकडच्या वेगवेगळ्या चिंचांचे चिंचोके पिशव्यांत लावून कुठल्या झाडाची रोपं जास्त वाढतात, ते मला मोजायचं होतं. शेळ्या राखणाऱ्या या मावशीनं आपल्या दारच्या चिंचेचे टपोरे, काळपट चिंचोके ओंजळभर दिले होते. पुढच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना तिची चिंच तोडली. तिनं निरोप धाडला, आमच्या चिंचेचं एक रोप आणून द्या. सरांनी बजावलं होतं, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिही. मी शाईनं लिहिल्या होत्या, आणि झारीच्या पाण्यानं त्या मोजणीच्या आधीच कोऱ्या झाल्या होत्या. मी त्यातलं एक उंच रोप उचललं आणि पालीला गेलो. बुंध्याच्या जागी खडीचा ढीग होता, गरम डांबराचा वास नाकात बसत होता. "हीच तुमची, मावशी," मी म्हणालो. तिनं कोवळा पाला खुडून तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "न्हाई बाबा. आमचीचा पाला लई आंबट हुता. ही दुसरीच हाय." मग रोपाला हात लावत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हिला बी तिची माय ठावं न्हाई." माझा प्रबंध अजून कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. त्यात पालीच्या झाडापुढं रोपांची उंची लिहिलेली आहे, दशांशासकट.