तीन दिवस पुरतात

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळून पुढे जाते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि — खरं सांगू का — मला माझाच इतका वैताग आलाय, की कुठेतरी बोलून टाकायलाच हवं.

कडावला आमचं मेडिकल आहे. नवरा रीतसर शिकलेला फार्मसिस्ट, मी नुसती बी.ए. दुपारी तो माल आणायला कर्जतला गेला की काउंटरवर मी. बसू नये खरं तर, पण गावात कोण विचारतंय? आणि बायका नेमक्या त्याच वेळेला येतात, कारण पुरुषासमोर काही गोष्टी मागायची सोय नाही. बसून बसून मी त्यांची अर्धी डॉक्टर झाले. ‘वयनींना विचार, त्यांना सगळं ठावं हाय’ — हे ऐकायला किती बरं वाटतं, काय सांगू तुम्हाला! मग जे येत नाही त्याचंही उत्तर मी द्यायला लागले. ‘माहीत नाही’ असं मी शेवटचं कधी म्हणाले? आठवत नाही.

तुम्ही गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या मेडिकलमध्ये कधी उभे राहिलात का? पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना नुसती झुंबड असते. गौरी घरात यायच्या आणि सून बाजूला बसलेली, असं नको, म्हणून सासवा स्वतः सुनांना घेऊन येतात. मोठ्याने मागतात, चारचौघांत मागतात. देवाचं काम, त्यात कसली लाज? पण तीच सून मूल लांबवायची गोळी मागायला आली की आवाज बसतो, नजर रस्त्याकडे. मी ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालते. या सगळ्या थेरांची मला भयंकर चीड येते. पण गुंडाळणारी कोण? मीच ना?

तर त्या आठवड्यात, भर गर्दीत, दर्शना आली. आमच्या दुकानापासून चार घरं सोडून राहते. नवरा टँकरवर ड्रायव्हर — मोहोपाड्याच्या कंपनीतून माल भरला की पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. पदरात एक लहान मुलगी. आणि ही बाई पोलीस भरतीची तयारी करत होती! पहाटे शाळेच्या मैदानावर पळायची, आठवड्यातून तीनदा खोपोलीला क्लासला जायची. वयात बसणारी तिची ही शेवटची भरती. सासू बडबडायची, पण दर्शना ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट घालायची. मला तिचं फार कौतुक होतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माझा तिच्यावर राग असेल. राग असता तर निदान काही अर्थ तरी लागला असता.

बाजूच्या बाया वळेपर्यंत ती थांबली, मूल लांबवायच्या गोळीचं पाकीट मागितलं आणि हळूच म्हणाली, “वयनी, आजपासून ही चालू केली तर कधीपासून लागू पडंल? हे गणपतीला येनार हायेत.”

गणपती चार दिवसांवर. आणि मी सकाळपासून एकच वाक्य घोकत होते — तीन दिवस आधी चालू कर, तीन दिवस आधी चालू कर. पाळी ढकलायच्या गोळ्यांचं ते गणित. ही गोळी वेगळी, हिचं गणित वेगळं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. नेमकं किती, ते माहीत नव्हतं. पण मागे बायका खोळंबलेल्या, कुणी सुट्टे मागतंय, कुणी ‘वयनी, माझं आधी’ करतंय. मी म्हणाले, “तीन दिवस पुरतात गं.” पाळी कधी आली होती, एवढंसुद्धा विचारलं नाही.

इथपर्यंत चूक म्हणा. चुका कुणाच्या होत नाहीत? पण मी चुकीवर थांबले असते तर तुमचा वेळ घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जरा निवांत होते. तसल्याच एका पाकिटातला कागद उलगडला. आठ घड्या, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं — कुणी वाचू नये म्हणूनच छापतात की काय कोण जाणे! चष्मा लावून वाचलं. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू केली तर लगेच लागू. मध्येच सुरू केली तर सात दिवस दुसरी काळजी घ्यायची. सात! दर्शनाचा नवरा यायला अजून तीन दिवस होते. तिची पाळी नुकती आलेली असेल तर प्रश्नच नव्हता, पण ते विचारायला तरी जायला हवं होतं ना? चार घरं. चप्पल घालून गेले असते, ‘अगं, माझं चुकलं, आठवडाभर निरोध वापरा’ म्हणाले असते, परत आले असते. पाकीटही दुकानातलंच नेलं असतं.

नाही गेले.

तिची सासू घरी असेल म्हणून. मग मोदकाचं पीठ दळायचं होतं म्हणून. मग दुकान सोडून कुठे जाते, हे नवऱ्याला काय सांगू म्हणून. सगळ्या थापा. ‘माझं चुकलं’ एवढं म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. गणपती आले, तिचा नवरा आला, आरतीला ती दोघं जोडीने आमच्याकडे आली. मी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

दिवाळीच्या सुमारास ती सासूला घेऊन दुकानात आली. हातात रिकामं पाकीट. दिवस गेलेले. दर्शना म्हणाली, “वयनी, तुमीच सांगा आत्यांना. एक पन गोळी मी चुकवली नाय. तुमी सांगितलं तसंच केलं ना मी?”

माझा नवरा मागे फळीवर औषधं लावत होता. तिने पुढे ‘तीन दिवस’ म्हटलं असतं, तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. त्याच्या आधी मीच बोलले. “रोज घेतली की ही गोळी फसत नाही गं. एखादी राहिली असेल तुझी.”

सासूला तेवढंच हवं होतं. “एक गोळी धड घेता येत नाय, आन् निघालीय पोलिसात!”

दर्शनाने पाकीट उलटं करून माझ्यापुढे धरलं. एकूण एक घर फुटलेलं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला क्रोसिन दिली.

ते मूल नको, असं ती म्हणाली होती म्हणे. घरात कुणी ऐकलं नाही, आणि चूक तिचीच ठरलेली, मग ती कोणत्या तोंडाने भांडणार? भरती आली आणि गेली. तेव्हा तिला सातवा महिना होता. मुलगा झाला. सासू पेढे घेऊन आली, मी दोन खाल्ले.

कुणी म्हणेल, गोळी एरवीही कधी कधी फसते, कशावरून तुझ्यामुळेच? म्हणू दे. मला वेळेत कळलं होतं आणि मी घरात बसून राहिले, याला त्याने काय फरक पडतो?

मागच्या महिन्यात ती पुन्हा आली, मुलाला कडेवर घेऊन. गोळ्याच हव्या होत्या. या वेळी मी सगळं नीट सांगितलं — पाळीची तारीख विचारली, सात दिवसांचं समजावलं, पाकिटावर पेनाने लिहूनसुद्धा दिलं. ती मन लावून ऐकत होती. मग मान डोलावत म्हणाली, “मागच्या टायमाला माझीच एखादी राहिली असंल, नाय का वयनी? पळायच्या नादात ध्यानच नसायचं माझं.”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नवरा कर्जतला गेला होता.

मी म्हणाले, “असेल गं. होतं असं.”