पाचाचा लॉग

राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं, तेव्हाची गोष्ट. पीयूसीला, म्हणजे कॉलेजाआधीच्या वर्षाला, गणितात मी नापास झाले आणि तपासणाऱ्याचंच चुकलं असणार, असं घरभर सांगत फिरले. स्वतःबद्दल फार आदर होता मला. आमचे आप्पा शिंपीकाम करायचे. हातातल्या ब्लाउजावरून नजर न काढता म्हणाले, "सप्टेंबरात परत बस. तेव्हाही नापास झालीस तर पुस्तकं बांध आणि मशीनवर बस."

सप्टेंबर म्हणजे दसऱ्याचं तोंड. अख्ख्या गावाला तेव्हाच नवे कपडे हवेत. हातशिलाई आणि काजं माझ्याकडे आणि धाकट्या बहिणीकडे. बोटांना भोकं, मान आखडलेली आणि मांडीवर कापडाखाली लॉगची कोष्टकं. आठवलं तरी आज थकायला होतं.

गावातल्याच सरस्वतीपुरम भागात एक निवृत्त मास्तर होते. सगळे त्यांना कानडीत मेष्ट्रू म्हणत. शिकायला मी त्यांच्याकडे चालत जायची. एकदा त्यांनी दोनचा लॉग दिला, ०.३०१०, तीनचा दिला, ०.४७७१. म्हणाले, पाचाचा काढ. मी पटकन लिहिलं, ०.७७८१.

"हे कसं गं?"

"दोन नि तीन पाच. दोघांचे लॉग जोडले."

"अय्यो पुट्टी, अगं पोरी, हा तर सहाचा झाला!"

"आमच्याकडे दोन वार नि तीन वार जोडले की पाचच वार होतात, मेष्ट्रू. शिवणीत अर्धा इंच जातो, तो मी धरला नाही."

मेष्ट्रूंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून की वैतागून, कोण जाणे. "हे बघ, लॉग फक्त गुणाकार उसवतो. दोन गुणिले तीन असेल तर खुशाल उसव. दोन अधिक तीनला उसवायला शिवणच नाही. पाच हवा तर दहाला दोनानं भाग."

दहाचा लॉग एक. त्यातून ०.३०१० वजा, ०.६९९०. कळलं म्हणून मी मान डोलावली आणि पुढच्याच उदाहरणात परत जोडाजोडी केली. अशी हुशार मी.

परीक्षेत पंचेचाळिसाचा लॉग आला. आधी चाळीस अधिक पाच लिहिलं. मग खोडलं. नऊ गुणिले पाच. नऊ म्हणजे तिनाचा वर्ग, तेव्हा तिनाचा लॉग दुप्पट, ०.९५४२. त्यात पाचाचा मिळवला. १.६५३२.

दसरा उलटल्यावर निकाल लागला.

"पास?" आप्पांनी विचारलं.

"पास. सदतीस."

"शंभरात?"

"मग काय चाळिसात?"

आप्पांनी दातानं दोरा तोडला. "बरं, जा कॉलेजला. मशीनवर धाकटी बसेल."

धाकटी तिथंच सुईत दोरा ओवत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मात्र तिच्याकडे न बघता आत गेले आणि दिवेलागणीपर्यंत मेल्यासारखी झोपले.