पांढऱ्याचं फडकं

त्या दिवसांत माझं पांढऱ्या रंगाशी वैर होतं. मिठागरातले बगळे, मागच्या दाराची तगर, दुपारी वाडीवर येऊन थांबलेला एखादा ढग, सगळ्यांकडेच मी संशयाने बघायचे. मुळात मी तंद्रीतली बाई. मनवेलपाड्याच्या चाळीत वाढत होते तेव्हा आई म्हणायची, हिच्या समोरून हत्ती गेला तरी हिला कळायचं नाही. आणि आता ओट्यावर सांडलेला पांढरा थेंब मला थेट पडवीतून दिसायचा. मी ओलं फडकं घेऊन धावायचे.

लेकीला दूध बाधत होतं. पहिल्यांदा चमचाभर दहीभात खाल्ला आणि बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या. तेव्हापासून दूध, दही, तूप तिच्या ताटातून गेलं. तिची वाटी, चमचा, पातेलं वेगळं झालं. दुधाऐवजी काय, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, एका वेळी एकच नवीन गोष्ट, तीही थोडी, आणि मग काही दिवस नुसतं लक्ष ठेवायचं.

सोयाच्या दुधाने पोट बिघडलं. ओट्सचं दूध तिने केळीच्या बुंध्याशी थुंकून टाकलं. बदामाचं सोसलं, पण पिताना तोंड असं करायची, जणू मी एरंडेलच पाजतेय.

मग नारळाचा रस आला. म्हणजे आला कसला, तो घरात होताच. या घरात कालवण त्याच्यावर, शेवया त्याच्यात, पातोळ्यांबरोबर वाटीत तोच. सासूबाई माहेरच्या अर्नाळ्याच्या, त्यांच्या जिभेवर ण कधी बसला नाही. त्या म्हणाल्या, "नारळ कधी कोनाला बाधला नाय गं. मी काढते रस." गूळ घालून त्यांनी दिला. लेक घटाघटा प्यायली, ओठांवर पांढऱ्या मिशा आल्या, आणि मला त्या मिशा बघून रडू आलं. बऱ्याच दिवसांनी पांढरं काहीतरी आवडलं होतं मला.

काही दिवस छान गेले. मग एका दुपारी तिच्या तोंडाभोवती गांध्या. मग पुन्हा काही दिवस काहीच नाही. मग एकदा ओकारी, सुजलेले डोळे, आणि औषध देऊन रिक्षाने दवाखाना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाधतं ते कधी बाधतं, कधी नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटतंय. पण कळेपर्यंत नारळही बंद."

दूध गेलं त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. नारळ गेला तर ही पोर या घरात जेवणार काय? सगळे पंगतीला, आणि ही आपल्याच घरात पाहुणी. सासूबाई तर मिटूनच गेल्या. लेक वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली की माझ्याकडे बोट दाखवत. "आईकडे जा, बाय. माझ्या हाताचं नको."

त्यानंतरची ती दुपार. मी मागच्या पडवीत झोपाळ्यावर, लेक माझ्या पोटावर झोपलेली. पोफळीतून येणारं ऊन लादीवर हळूहळू सरकत होतं. मागच्या दारी सासूबाई कामात होत्या. माझ्या नवऱ्याला श्रीखंडाचं वेड, आणि विकतचा चक्का सासूबाईंना चालत नाही. त्यांनी सकाळपासून टांगलेलं दही सोडवलं. चक्का डब्यात काढला. फडकं विहिरीवर नेऊन खळखळून धुतलं, दोरीवर टाकलं. वाऱ्याने ते फुगायचं, पडायचं. मी अर्ध्या झोपेत बघत होते. ते फडकं मला कुठे कुठे नेत होतं, होडीचं शीड काय, लेकीचं बाळपणीचं दुपटं काय. मग सासूबाई आल्या, त्यांनी ते दोरीवरून ओढलं आणि रात्रीच्या कालवणासाठी वाटलेलं खोबरं त्यात घालून पिळायला घेतलं.

हत्ती समोरून गेला होता, आणि या वेळी मला दिसला.

"आई, हे तेच फडकं?"

"मंग? पांढऱ्याचं हाय ते. चिंच-कोकमाचं येगळं. पांढऱ्याला पांढऱ्याचंच लागतं, नायतर डाग पडतो रसाला."

"लेकीला रस द्यायचात, तोही यातूनच?"

त्यांचे हात थांबले. "सवच्छ धुतलंय गं मी," त्या म्हणाल्या. त्यांनी ते नाकाशी नेलं. मग पायरीवर बसल्या. त्यांचा एवढा काटेकोरपणा! आंबट चुकूनही पांढऱ्याला लागू दिलं नाही, आणि चक्का केला त्या दिवशी दह्याचा अंश मात्र धाग्यात राहून जायचा. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या दुप्पट आनंद झाला होता. नारळ निर्दोष होता, बहुतेक. मी झोपाळ्यावरून उठले ती लेकीसकट त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "शक्य आहे. पण घरी काही करू नका. रस इथे आणा, माझ्यासमोर देऊ."

दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ट्रंक उघडली. आत सासऱ्यांचं एक कोरं धोतर होतं. ते गेल्यापासून त्याला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. मी नको म्हणायच्या आत त्यांनी ते दातांनी धरून टर्रकन फाडलं. "ते गेले," त्या म्हणाल्या. "ही हाय."

दवाखान्यात आधी ओठाला थेंब लावला. थांबलो. मग अर्धा चमचा. थांबलो. मग पूर्ण चमचा. लेक भिंतीवरच्या सशांशी बोलत होती, आम्ही दोघी तिच्या हनुवटीकडे बघत होतो. शेवटी थोडा वाटीत दिला. पुष्कळ वेळ गेला. गांधी उठली नाही.

"आजी, अजून," लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावून होकार दिला. तरी सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "देऊ?"

या बाईने मला कधी काही विचारलं नव्हतं. मी खेकसलेच. "माझ्याकडे काय बघताय? नारळ तुमचा, नात तुमची."

त्यांनी डबा वाकडा केला. लेकीने वाटी घाईने ओढली, थोडा रस तिच्या फ्रॉकवर सांडला, थोडा त्यांच्या पदरावर, थोडा लादीवर. पुसायला मी उठले नाही.