पाणी कुठवर येतं?

आमच्या मामांइतका पाण्याचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात सापडायचा नाही. आणि तालुका तर असा, की जिथं जावं तिथं एक ओढा आडवा येतो. हे माझ्या आईचे चुलतभाऊ. राहतात रामनगरात, नदीपासून चांगले लांब, तरी घरातल्या सगळ्या ट्रंका माळ्यावर. भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर मुलाची नोकरी, शेती राहिली बाजूला, पहिला प्रश्न, "पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?" मुलाकडची माणसं प्रामाणिक. म्हणाली, "अंगणापर्यंत." झालं, मामा चहा न घेताच उठले. ती भाची म्हणजे मीच.

मामा आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष आणि मी त्याच शाळेत मास्तरीण. त्यामुळे शाळेची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडलं. होस्टिंग म्हणजे काय, ते मी त्यांना समजावलं: आपली साइट ज्या मशीनवर राहणार, तिच्यावर जागा देणारी कंपनी निवडायची. मामांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटले. कसली सुटते!

"मशीन हाय कुठं?"

"मुंबईत असेल, नाहीतर हैदराबादेत."

"असंल म्हणजे? जागा न बघता सामान ठेवतंय व्हय कोण?"

मग मामांनी मला एकेका कंपनीला फोन लावायला लावला. पहिल्या कंपनीतल्या बाईंना त्यांनीच विचारलं, "तुमची मशीन नदीपासनं किती लांब?" त्या साइटच्या वेगाबद्दल सांगू लागल्या. "वेग ऱ्हाऊ दे, उंची सांगा," मामा म्हणाले. फोन कट. दुसऱ्या कंपनीतला माणूस तर तोंडावर हसला.

मी वैतागले. "मामा, शाळेची साइट आहे ही, भाताची कणगी नव्हे!"

मामांनी खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्या आत आणखी एक, आणि तिच्यातून फोटो. सुप्याच्या धरणात गेलेल्या त्यांच्या गावची शाळा. पायरीवर ओळीनं पोरं, कडेला शेंबडे मामा. एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.

"ह्यो एकच उरलाय गे. शाळा पाण्यात, मास्तर वर गेले. ह्यो पण गेला तर आमी तितं शिकलो हे कोण म्हणणार? तुझ्या त्या साइटवर ह्याला जागा पायजे, पन बुडणार न्हाई अशी."

माझा वैताग कुठल्या कुठं गेला. तिसऱ्या कंपनीला मीच विचारलं, पाणी कुठवर येतं म्हणून. पुण्याची मुलगी होती, हसली नाही. "विचारून सांगते, ताई," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरंच तिचा फोन आला. मशीन तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या शहरातही ठेवतात. इथं काही झालं तरी तिथं राहतं.

मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आदीच दुसऱ्या गावात ठेवता? आमच्या येळेला कुणाला सुचलं न्हाई बघ, पोरी."

कंपनी ठरली. साइट उघडली की आता पहिला तो फोटोच दिसतो.

तरी दर पावसाळ्यात, धरण भरत आल्याची बातमी कानावर पडली की मामांचा फोन येतोच. "जरा उघडून बघ की गे." भर वर्गात असले तरी मी मोबाइल काढते.

"हाइत मामा, सगळी पोरं हाइत."

"आनि पायरी?"

"ती पण हाय. कोरडी ठाक."