पहिली टाका

चूक माझी होती. आधीच सांगतो, कारण त्या दिवशी सांगितलं नाही.

लॅबच्या काउंटरवर आबा उभे होते. माझे वडील. सांगोल्याकडं जन्मभर मेंढरं राखलेले, किडनीच्या तपासण्यांसाठी सोलापुरात माझ्याकडं आलेले. हातात चोवीस तासांच्या लघवीचा कॅन, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"पहिली टाकली होती का?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

"व्हय, टाकली की."

"कुठं?"

"ह्यात." आबांनी कॅन वर केला.

रांग हसली. आबांच्या खांद्यावरच्या घोंगडीकडं बघत काउंटरवाला म्हणाला, "आजोबा, ही माणसांची तपासणी आहे, मेंढरांची नाही." मग माझ्याकडं वळला. "साहेब, तुम्ही शिकलेले. नीट सांगायचं ना घरी."

मी सांगितलं होतं. दोन दिवस आधीच्या संध्याकाळी, मोबाइलमधून डोकं वर न काढता. "आबा, सकाळची पहिली टाका. मग दुसऱ्या सकाळपर्यंत सगळी धरा." पहिली ओतून द्यायची, हे मला माहीत होतं. पण आपण आमटीत मीठ टाकतो आणि खरकटंही टाकतो. आबांनी टाकली. कॅनमध्ये.

मी काउंटरवाल्याला म्हणालो, "अडाणी आहेत हो. कितीदा सांगितलं तरी तेच."

आबांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. "तूच म्हनलास की" एवढं बोलले असते तर मी उघडा पडलो असतो. बोलले नाहीत.

रिक्षात ते कॅन मांडीवर घेऊन बसले. मी अंग चोरून कडेला.

ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. शाळेत गुरुजी "मेंढक्या, मागं बस" म्हणायचे, तेव्हा वर्ग असाच हसायचा. मागच्या बाकावर एकटा बसून मी शिकलो. कशासाठी? त्या हसणाऱ्यांत जागा मिळावी म्हणून?

घरी विचारलं, "काल दिवसभर काय केलंत?"

"बसलो की डब्यापाशी. बोलाय कोन हाय हितं?"

लॅबनं कॅन फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं होतं. मला किळस आली, म्हणून मी मोरीत ठेवायला लावला. रानात प्यायचं पाणी गार ठेवतात तसं आबा दिवसभर फडकं भिजवत राहिले. दाराला बाहेरून कुलूप. कामावर जाताना मीच लावलेलं.

पुन्हा चोवीस तास. या वेळी मी रजा काढली. कॅन फ्रीजमध्ये ठेवला, दुधाच्या खालच्या कप्प्यात. दोघं दिवसभर बसलो. बोलणं फारसं झालंच नाही. इतक्या वर्षांत सवयच राहिली नव्हती.

सकाळी तोच काउंटर. तोच माणूस. "काय आजोबा, आता कुठं टाकली?"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. आबांनी मान खाली घातली.

"मोरीत ओतली," मी म्हणालो. "आणि हसायचं तर मला हसा. 'टाका' मी म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं, तसंच केलं."

काउंटरवाल्यानं कॅन पुढं ओढला. मग मी आबांकडं वळलो. रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो, कारण अडाणी म्हणालो होतो तेही सगळ्यांदेखत.

"आबा, चूक माझी, आणि शिवी तुम्हाला दिली. इथून पुढं तुमच्यावर हसणाऱ्यांत मी नसेन. मला माफ करा."