मार्कुसच्या अंगावरचे शेजारी

मार्कुसचं मराठी ऐकून आम्हाला आमच्या मराठीची लाज वाटायची. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतल्या माणसाला तो विचारी, "मी आत आलो तर आपली गैरसोय होईल का?" याला काय उत्तर द्यायचं हे पुण्यात कोणालाच शिकवलेलं नसतं. आतला माणूस गोंधळून बाहेर पडे आणि जिन्याने जाई.

जर्मन माणूस, पन्नाशी ओलांडलेला, दारातून वाकून येणारा. खराडीच्या आमच्या कंपनीत तो करारावर आला होता. ऑफिसशेजारचा चकचकीत फ्लॅट नाकारून त्याने कर्वेनगरला आमच्या सोसायटीत, माझ्याच समोरचं घर भाड्याने घेतलं. कर्वेनगरहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खराडीला, रोज जाणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीने बघतात. "तिकडे सगळे माझ्याशी इंग्रजी बोलतात," एवढंच त्याचं कारण. इथे ज्यांची मुलं जर्मनच्या क्लासला जात होती, ते मुलांना पुढे करून त्याच्यावर जर्मन आजमावून बघत. तो नम्रपणे मराठीत उत्तर देई आणि त्यांची फी वाया जाई.

एप्रिलमध्ये त्याच्या मानेवर आणि हातांवर लाल पुरळ उठलं. मी डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाला, "आमच्याकडे त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत पुरळ आपोआप जातं. वाट पाहू या." त्याने वाट पाहिली असतीही, पण लिफ्टमध्ये देसाईकाकूंनी त्याची मान पाहिली.

देसाईकाकू चौथ्या मजल्यावरच्या. काका गेल्यापासून एकट्याच असत. संध्याकाळी त्या वाटीत कडुनिंब आणि लसणीचा लेप घेऊन हजर झाल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्याच आपटेकाकांनी लिंबू पिळलेली मुलतानी माती आणली, आणि आमची बायको तरी मागे कशी राहील, तिने हळद-चंदन उगाळलं. मार्कुसला कोणालाच नाही म्हणता येईना. त्याने जर्मन पद्धतीने तोडगा काढला. डावा हात देसाईकाकूंना दिला, उजवा आपटेकाकांना, मान आमच्या हिला. कोणाच्या हद्दीत कोणाचं औषध जाऊ नये याची तो फार काळजी घेई.

आठवड्याभरात दोन्ही हात सुजले आणि मानेला पाणी सुटलं. ऑफिसात त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. शेवटी साहेबांनी सांगितलं, या महिन्यात निदान झालं नाही तर मायदेशी जाऊन उपचार घे, करार इथेच संपवू. इतका उतरलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. मग मात्र मी त्याला धरूनच कर्वे रस्त्यावरच्या एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. हात बघून त्यांनी विचारलं, "काय लावलंत?"

"डाव्या हाताला देसाईकाकू, उजव्या हाताला आपटेकाका आणि मानेला वहिनी," मार्कुस म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "आणि पाठीला?"

"पाठ अजून कोणी मागितलेली नाही."

त्यांनी शर्ट वर करायला लावला. पाठीवर बारीक, कोरड्या, सुकत आलेल्या पुटकुळ्या होत्या. "हे घामोळं," डॉक्टर मला म्हणाले. "तुमच्या उन्हाळ्याने दिलेलं. बाकी सगळं तुमच्या सोसायटीने दिलंय." त्यांनी एक मलम लिहून दिलं, गार पाण्याची अंघोळ आणि सुती कपडे सांगितले, आणि कोणी काही लावायला आणलं तर नको म्हणा, असं बजावलं.

"ते मला जमणार नाही," मार्कुस म्हणाला. "दुसरं औषध आहे का?"

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

रिक्षात मी हसत होतो, तो हसत नव्हता. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तो म्हणाला, "माझी पत्नी वारल्यापासून मी एकटा राहतो. तिकडे मला पुरळ आलं असतं तर ते फक्त मलाच कळलं असतं. इथे काकू रोज विचारतात, आज कसं आहे. मी बरा झालो तर त्या कशाला येतील?" मी कंपनीची आठवण करून दिली. नको म्हटलं नाहीस तर हात बरे होणार नाहीत आणि जावं लागेल, मग कोणीच येणार नाही. "हो, तेही खरं आहे," तो म्हणाला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी देसाईकाकू आल्या. आमचं दार उघडं होतं. आमच्याकडे दार चुकून उघडं राहत नाही, ऐकण्यासारखं काही असेल तरच राहतं.

"काकू, लेप नको," मार्कुस म्हणाला.

काकूंनी वाटीवर पदर ओढला. "बरं," म्हणाल्या आणि वळल्या.

"पण आपण बसा."

"आता कशाला?"

"कशालाच नाही. नुसत्या बसा."

काकू वाटी चपलांजवळ ठेवून आत गेल्या. बऱ्याच वेळाने त्यांचं हसणं ऐकू आलं. ते आम्ही काका गेल्यानंतर ऐकलं नव्हतं.

मार्कुसचे हात बरे झाले. करार संपेपर्यंत तो राहिला आणि काकू रोज जात राहिल्या. जायच्या दिवशी दोघंही रडली, आणि आम्ही दार लावून घेतलं.

समोर आता दुसरं कुटुंब आलंय. परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात देसाईकाकू, हातात वाटी. हिच्या गुडघ्यांसाठी तेल आणलंय म्हणाल्या. हिचे गुडघे ठणठणीत आहेत. ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं, वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हटलं, "काकू, बसा."