प्रभुभोजनाचं पीठ

पौषातला शनिवार. धुकं इतकं दाट की बडनेऱ्याच्या रस्त्यानं सरकी काढायच्या जिनाकडे चाललेल्या कापसाच्या गाड्या दिसत नव्हत्या. नुसती घुंगरं वाजत होती अन् गाडीवान बैलांना शिव्या देत होते. अमरावतीच्या मिशनच्या बंगल्यामागं जी चाळ होती, तिथं पार्बताबाईच्या ओसरीवर जातं सुरू झालं होतं. महिन्यातल्या पहिल्या रविवारी मिशनच्या देवळात प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी एकेक घास घ्यायचा, आणि त्याची बेखमीर, न आंबवलेल्या पिठाची पोळी गेली अकरा वर्षं पार्बताबाईच्या तव्यावरची. शुक्रवारी बनशी गहू निवडायचा, शनिवारी दळायचा, रविवारी पहाटे पोळी भाजून धुतलेल्या फडक्यात न्यायची. एका मडमेनं एकदा विचारलं होतं, गिरणीतून का दळून आणत नाही? तर म्हणाली, "गिरनीत मिरचीवर गहू दळतेत मॅडम. देवाच्या पोळीले ठसका लागन."

पण या खेपेला तिचा उजवा खांदा वर होईना. म्हणून समोर शकुन बसली होती आणि दोघींनी मिळून खुंटा धरला होता.

शकुन मांगवाड्यातली. घरचा धंदा दोर वळायचा. तीन महिन्यांपूर्वी नवऱ्यासकट तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि उद्या तिचं पहिलं प्रभुभोजन होतं. सकाळपासून तिनं विचारून विचारून जीव खाल्ला होता.

"बाई, ते पोळी चावाची का तशीच गिळाची?"

"चाव. दात कायले देल्ले देवानं?"

"अन् मले रडू आलं तं?"

"तं रड. नाक तेवढं आपल्याच पदराले पूस."

दोघी हसत होत्या, तेवढ्यात धुक्यातून खुशालराव मास्तर आले. मिशनच्या शाळेत मास्तर आणि देवळाचे पंच. वर कोट, खाली धोतर. शकुनकडे पाहिलं, मग परातीतल्या पिठाकडे.

"पार्बते, जरा इकडे ये वं."

"अथीच बोला मास्तर. खांदा दुखते, उठनं होत नाही."

"हे पीठ उद्याचं?"

"हो. कावून?"

"नाही, मंजे दरखेपेले तू एकटीच दळतं."

"मंग या, तुमी धरा खुंटा."

मास्तरांनी घसा साफ केला. "मी काही म्हनून नाही राहिलो. पन आपल्यातली चार घरं हायेत, जुनी. उठून जातीन देवळातून. बाप्तिस्मा झाला तं झाला म्हनतेत, हात तं तेच हायेत ना."

शकुनचा हात खुंट्यावरून कधी निघाला ते पार्बताबाईला कळलं नाही. जातं एकदम जड झालं.

"कोनती चार घरं? नावं सांगा. सांजच्याले जाऊन इचारतो त्याईले."

"नावं घेऊन काय करतं?"

आता हे खुशालराव कोण? पंचवीस वर्षांमागं मोठा दुष्काळ पडला तेव्हा नांदगाव खंडेश्वराकडून एका बैलगाडीत अकरा पोरं मिशनच्या अनाथालयात आली. त्यात सात वर्षांची पार्बती होती, माळ्याची, मायबाप वाटेतच गेलेले. आणि खरजेनं अंग भरलेला खुशाल होता. अंगणात एकच कढई. ज्वारीच्या कण्या. ज्याच्या हातात थाळी त्यानं रांगेत उभं राहायचं. कोण कोणाचा, हे विचारायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं. पुढं खुशाल शिकला, मास्तर झाला. माणूस वाईट नाही. पटकीच्या साली सख्खे भाऊ पळाले तेव्हा यानं परक्यांची मढी खांद्यावरून नेली. म्हणून तर पार्बताबाईला जास्त चीड.

"खुशाल," ती मास्तर म्हणायचं विसरली, "तू थाळी चाटत होता मायासमोर बसून. त्या कण्या कोनाच्या हातानं ढवळल्या होत्या, सांग बरं?"

"तो काळ होता, पार्बते."

"अन् आता पोट भरलं तं जात आठोली?"

"उद्या पोळी आनू नको. मी रहीमच्या भट्टीतून पाव आनतो. पाळकसाहेबाले सांगतो मी."

"पावात खमीर असते!"

"एखाद्या खेपेले चालते."

मास्तर धुक्यात गेले. पार्बताबाई ओसरीच्या कडेला येऊन ओरडली, "खमीर चालते, शकुन नाही चालत!" चाळीतली दोन दारं उघडली आणि परत लागली.

शकुन पदर झटकून उठली. "जाऊ द्या बाई. मी नाही येत उद्या."

"येशीन! नाही आली तं पाय मोडीन तुया."

दुपारी पार्बताबाई तशीच तणतणत इतवाऱ्याच्या बाजारात अब्दुल रहीमच्या भट्टीवर गेली. कशाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पाव देऊ नको म्हणून सांगावं, असं काहीतरी डोक्यात होतं. आत डोकावली तर लाकडी काथवटीत कोपरापर्यंत हात घालून एक माणूस कणीक मळत होता. देवीदास. शकुनचा सख्खा दीर. त्याचा तर बाप्तिस्माही झालेला नव्हता.

पार्बताबाईला असं हसू फुटलं की अब्दुल रहीम गल्ल्यावरून उठला. "क्या हुआ बाई?"

तिनं सांगितलं. उद्या भर देवळात उभी राहून याचं नाव घेतो, म्हणाली. मग पाहतो कोणती चार घरं उठतात.

रहीमचं तोंड उतरलं. "बाई, हात जोडतो. याची जात इतवाऱ्यात सब लोक जानते हैं, बाहेर कोई नहीं जानता. कचेरीतले बाबू मागच्या दारानं पाव नेतात. तुमी बोलल्या का गिऱ्हाईक तुटलं. मंग याले मी कसा ठेवू?"

देवीदास कणकेतून हात न काढता म्हणाला, "मावशी, दोन लेकरं हायेत मले."

तोंडाशी आलेलं सगळं गिळून ती घरी आली. असं हत्यार हातात येऊन उपयोग काय? मारावं त्याला लागत नाही, भलत्यालाच लागतं.

रविवारी पहाटे नको नको म्हणता तिनं तवा ठेवलाच. अकरा वर्षांची सवय. दोन पोळ्या भाजल्या, फडक्यात बांधल्या, पदराखाली घेऊन देवळात गेली. मेजावर पावाचे तुकडे मांडलेले होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ताट फिरलं. खुशालरावांनी डोळे मिटून देवीदासनं मळलेला घास तोंडात टाकला, भक्तिभावानं, हळूहळू चावत. कोणी उठलं नाही. ताट सगळ्यांत शेवटी, दाराजवळच्या सतरंजीवर बसलेल्या शकुनपाशी गेलं. ती रडली नाही. तिनं घास चावला आणि खाली पाहत राहिली.

पार्बताबाईनंही आपला घास घेतला होता. वर द्राक्षारसाऐवजीचं मनुकांचं पाणी प्यायली आणि पदराखालचं फडकं तसंच घेऊन निघाली.

घरी आल्यावर तिचं तोंड सुटलं. "नावाचे! नुसते नावाचे ख्रिस्ती! कोट घातला, गायन म्हटलं, झालं! येशू आला ना अमरावतीत, तं त्याले इचारतीन, तू कोनाचा रे बाबू?" चुलीवर चहा उकळत होता. शकुन मागच्या उंबऱ्यावर बसली होती. "हे घे, चहा झाला. कप आन."

शकुन उठली, परसातल्या भिंतीच्या कोनाड्यातून, झाडूच्या फड्यामागून एक बिनकानाचा कप काढला, रांजणातल्या पाण्यानं विसळला आणि समोर धरला.

पार्बताबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"हा अथी कोनं ठेवला?"

"तुमीच तं देल्ता बाई. पयल्या दिवशी. म्हने, हा तुया, अथी ठेवत जाय."

आठवलं. तेव्हा वाटलं होतं, बिचारीला कप दिला. तेव्हापासून रोज चहा. रोज शकुननंच तो विसळायचा, शकुननंच बाहेर ठेवायचा. आणि पार्बताबाईनं रोज तो पाहायचा.

"मले सांगतलं कावून नाही तुनं?"

"काय सांगाचं?" शकुनला खरंच कळेना. "चहा तं गोडच असते."

चार घरं, म्हणाला होता मास्तर. नावं विचारायची हिलाच हौस.

पार्बताबाईनं फळीवरचा आपला फुलांचा कप उतरवला, भरून शकुनपुढं ठेवला. स्वतःचा चहा बिनकानाच्या कपात ओतला. उचलला तर बोटं भाजली. बिनकानाचा कप असा चटका देतो, हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं.

"फुटन बाई माया हातून हा."

"फुटू दे. आत ये, चुलीपाशी बस."

"अथी ऊन हाय," शकुन म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. फुलांचा कप दोन्ही हातांत धरून, अंगापासून दूर.

"आत ये म्हटलं ना!" पार्बताबाई खेकसली, आणि आपण कोणावर खेकसलो हे तिला कळलं. फडकं सोडून तिनं पोळ्या काढल्या, एक मोडली, अर्धी शकुनच्या हातावर ठेवली. थंड होऊन चामड्यासारख्या झाल्या होत्या. दोघी चहात बुडवून खात राहिल्या.

"पुढच्या महिन्यातही तूच दळशीन मायासंगं," पार्बताबाई म्हणाली.

"अन् घेतली नाही त्याईनं पोळी, तं?"

"तं परत आनू. काय करतं?"

ऊन परसात उतरलं होतं. सांजच्या भाकरीला पीठ नव्हतं. पार्बताबाईनं ज्वारीचं सूप ओढलं, जात्यापाशी बसली, डावा हात खुंट्याला घातला. उजवा खांदा तरी ठणकला.

"ये वं," ती म्हणाली, "एका हातानं नाही फिरत हे."